उघड्या लोखंडाची झळाळी आणि छातीतली धूळ

जुन्या मोटारींच्या शौकिनांत ‘ओरिजिनल’ या शब्दाला फार मान आहे. १९६० च्या दशकातील फोर्ड मस्टँगसारख्या अमेरिकन गाड्यांत सस्पेन्शनचे कित्येक भाग बिनरंगाचेच बसवले जात. त्यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती. गाडीखाली कोण वाकून पाहणार, एवढाच हिशेब होता. आज मात्र तिथल्या स्पर्धांत परीक्षक गाडीखाली वाकून पाहतात. त्यामुळे गंज काढून लोखंडाची ती मूळ करडी झाक पुन्हा आणणे हे एक कौशल्यच झाले आहे. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारी गॅरेजे मुंबई-पुण्यातही आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ परदेशी शौकिनांचा नाही.

गंज काढण्याचा स्वस्त उपाय म्हणजे हवेच्या दाबाने वाळूचा मारा. वाळूचे कण आदळून फुटतात आणि स्फटिकी सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसांच्या तळाशी जाऊन बसते. तिथे व्रण होतात, फुप्फुस कडक होत जाते. या सिलिकोसिसवर तो बरा करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. त्यात क्षयरोगाचा धोका वाढतो आणि कर्करोगाचाही. ब्रिटनने वस्तू साफ करण्यासाठी अशा वाळूचा वापर १९४९ च्या नियमांनीच बंद केला. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेने १९७४ मध्ये तशीच शिफारस केली. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

दुसरा उपाय ॲसिडचा. त्याच्या वाफा डोळे आणि श्वासनलिका जाळतात. शिवाय ॲसिडमध्ये निर्माण होणारा हायड्रोजन पोलादात शिरतो. स्प्रिंगसारखे कडक पोलाद त्याने ठिसूळ होते आणि पुढे भार आल्यावर अचानक तडकू शकते. म्हणजे धोका कारागिरापाशी थांबत नाही, गाडीत बसणाऱ्यापर्यंत पोचतो. जुन्या नटबोल्टांवरचा चंदेरी थर कॅडमियमचा असू शकतो. जाम झालेला असा बोल्ट गॅसच्या ज्योतीने तापवला तर विषारी धूर निघतो. सुरुवातीला साधा ताप-खोकला वाटतो, पण काही तासांत फुप्फुसांना जीवघेणी सूज येऊ शकते.

यावर पर्याय आहेत. वाळूऐवजी गार्नेट किंवा पोलादी कण वापरावेत, तेही धूळ ओढून घेणाऱ्या बंद पेटीत आणि योग्य मास्क लावून. कारण जुन्या रंगाची आणि गंजाची धूळही निरुपद्रवी नसते. स्प्रिंग ॲसिडमध्ये बुडवू नयेत. स्वच्छ भागावर लोखंडासारख्या दिसणाऱ्या रंगाचा पातळ हात दिला, तर करडी झाक मिळते आणि गंजही रोखला जातो. उघडे लोखंड पावसाळ्यात किती टिकणार? रंगाने साधलेल्या या रूपाला स्पर्धेत पूर्ण गुण मिळायला हवेत. मूळ कारखान्याने पैसे वाचवण्यासाठी जे केले, त्याची नक्कल करण्यासाठी आज कुणाचे फुप्फुस खर्ची पडावे, याला शौक म्हणता येत नाही.

सिलिकोसिसची नोंद देणे कारखान्यांना कायद्याने बंधनकारक असले, तरी दोन-चार माणसांचे गॅरेज सहसा ‘कारखाना’ ठरत नाही. मग तिथला कामगार दम लागतो म्हणून दवाखान्यात येतो. एक्स-रे पाहून क्षयाची औषधे सुरू होतात आणि तो काम काय करतो हे विचारायचे राहून जाते. हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरने विचारलाच पाहिजे. आणि गाडी गॅरेजमध्ये सोडताना मालकानेही एक विचारावे : गंज कशाने काढणार, आणि काढणाऱ्याच्या तोंडावर काय असणार?