११४ गुणांची परीक्षा



भाताची लावणी आटोपते न आटोपते तोच आपल्या कर्जत-खालापूर भागात दुसरा हंगाम सुरू होतो, तो पाहुण्यांचा. भिवपुरीच्या, खोपोलीच्या धबधब्यांकडे आलेली मुंबई-पुण्याची मंडळी दुपारी आपल्याच पडवीत जेवायला बसतात. २०२० साली राज्याचे कृषी पर्यटन धोरण आल्यापासून तर शेतावर जेवणाची सोय करणारी घरे वाढली. म्हणून आज खतांऐवजी ताटाविषयी लिहितो.

पैसे घेऊन जेवू घालायचे, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे लहान धंद्याला नोंदणी आणि मोठ्याला परवाना लागतो. हे काम अन्न व औषध प्रशासनाचे. त्यांचे अधिकारी परवान्याची खानावळ तपासतात तेव्हा हाती एक छापील तक्ता असतो. एकूण गुण ११४. शंभर किंवा वर मिळाले तर उत्तम श्रेणी, ९१ ते ९९ ला समाधानकारक. न्यूयॉर्क शहरात याच्या उलट चालते. तेथे दोषांचे गुण मोजतात. १३ पर्यंत दोष असले तर ‘ए’ अक्षर मिळते, आणि २०१० पासून ते अक्षर दारावर लावावे लागते. आपल्याकडे दारावर लावायची एक ते पाच हसऱ्या चेहऱ्यांची श्रेणी आहे, पण ती ऐच्छिक.

आता खरी गोम ऐका. तक्त्यातले सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत. साध्या प्रश्नाला दोन गुण, तर चांदणीची खूण असलेल्याला चार. आणि चांदणीच्या एकाही प्रश्नात नापास झालात, तर बाकीची बेरीज कितीही होवो, खानावळ नापासच. पिण्यायोग्य पाण्याचा प्रश्न असा चांदणीचा आहे. ते पाणी सहा महिन्यांनी तपासलेले हवे आणि तपासणीची नोंद हवी. आपल्याकडे मात्र कर्ज काढून आधी फरशी बसते, रंग लागतो, दारात पाटी झळकते, आणि विहिरीचे पाणी आजोबांनी गोड म्हटले होते म्हणून गोडच!

विहीर भातखाचराच्या उताराला असेल तर आषाढात खाचराचे पाणी तिच्यात झिरपते. गोठा, शौचखड्डा वरच्या अंगाला असेल तर विचारूच नका. गिऱ्हाईकही नेमके त्याच दिवसांत. म्हणून वर्षाच्या दोन तपासण्यांवर न थांबता भर पावसात तिसरा नमुना द्यावा, असे माझे मत आहे. नमुना कोठे व कोणत्या बाटलीत द्यायचा ते ग्रामपंचायतीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. घरच्या तेलाच्या बाटलीत पाणी भरून नेऊ नका.

दुसरी गोष्ट भाताची. आपण भात पिकवणारी माणसे, त्यामुळे सकाळचा भात संध्याकाळी फोडणीला टाकायची सवय अंगवळणी पडलेली. पण तांदळात एका जिवाणूचे बीज असते, ते शिजवूनही मरत नाही. भात कोमट राहिला की ते वाढते आणि विष तयार करते. ते विष नंतर परतून जात नाही. घरी एखाद्याला उलटी होते, पण खानावळीत वीस जणांना होईल. नियम सांगतो, वाढेपर्यंत गरम शाकाहारी अन्न ६५ अंशांवर आणि मांसाहारी ७० अंशांवर ठेवावे. थंड केलेले पुन्हा तापवायचे तर आतपर्यंत ७५ अंश व्हावे. वरून कढत पाणी ओतून भागवू नये. अन्नात खुपसायचा तापमापक बाजारात मिळतो, तो घ्यावा. नाहीतर सरळ भात थोडा थोडा, दोन-तीनदा लावावा. घरधनिणीला त्रास होतो खरा, तेव्हा चुलीपाशी तिच्या मदतीला एक माणूस द्या.

आमच्याकडे नुसती नोंदणी आहे, आम्हाला कसला तक्ता, असे काहीजण म्हणतील. लहानांना नियम थोडके आहेत हे खरे, पण स्वच्छ पाणी त्यातही आहेच.

पाण्याचा अहवाल आला की चुलीमागच्या फळीवर खोचू नका, पावसात कागद लोळागोळा होतो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून परवान्याच्या शेजारी टांगा, म्हणजे मागितल्याबरोबर हाती देता येईल.