व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर तांब्याच्या भावाने विकू नका

सूरजागडच्या लोहखनिजामुळे एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावर ट्रकांची वर्दळ वाढली. या भागात धातू म्हटला की भाव किलोचा. पण आपल्या भंगारवाल्या बांधवांनी एक वस्तू या हिशेबातून वगळावी. ती म्हणजे लग्न-जलशांत वाजलेला जुना व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर.

ट्रान्झिस्टर आल्यावर हे सेट अडगळीत पडले. ट्रान्सफॉर्मर फोडून तांबे काढले की थोडे पैसे सुटतात, वस्तू मात्र कायमची जाते. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे आजही व्हॉल्व्हच पसंत करतात. आवाज वाढवला की त्याचा सूर भरीव होतो. लंडनच्या जिम मार्शल यांनी 1962 साली अमेरिकन फेंडर अॅम्प्लिफायरच्या धर्तीवर आपला पहिला सेट तयार केला, तोही व्हॉल्व्हचाच. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह आज परदेशी शौकीनही घेतात. युक्रेन युद्धामुळे 2022 मध्ये रशियन व्हॉल्व्हचा पुरवठा विस्कळीत झाल्यावर जुन्या मालाची किंमत अधिकच कळली.

मात्र दुरुस्ती जाणकारानेच करावी. आत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये उरतो; तो उतरवल्याशिवाय हात घालू नये. वर्षानुवर्षे बंद असलेला सेट थेट विजेवर न लावता आधी सिरीज बल्बवर तपासावा. वाळलेले फिल्टर कंडेन्सर बदलावेत, पावसाळी दमटपणाने गंजलेले सॉकेट साफ करावेत. स्पीकर न जोडता सेट चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सभेचा माइक-सेट गिटारसाठी देताना स्पीकरचा जोड व इनपुट बदलावा लागतो, हेही ग्राहकाला सांगावे. मूळ ट्रान्सफॉर्मर, नॉब व पेटी तशीच ठेवावी. रंग देऊन नवेपणा आणला की जाणकार ग्राहक बिचकतो. काढलेले सुटे भाग पिशवीत घालून सोबत द्यावेत.

विक्रीत खरी कसोटी सचोटीची आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओला भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. आपल्या अॅम्प्लिफायरमध्येही आत काय आहे, हे ग्राहकाला दिसत नाही. म्हणून काय बदलले, कोणता व्हॉल्व्ह थकला आहे आणि गुणगुण किती येते, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. त्या चिठ्ठीमुळे कदाचित भाव थोडा उतरेल. पण तोच ग्राहक दुसऱ्याला घेऊन येईल, आणि हलाल कमाईची बरकत त्यातच आहे.