फुफीचा पाचवा हिस्सा

यंदा २६ जानेवारी सोमवारी आला आणि शनिवार-रविवारला जोडून तीन दिवसांची सुट्टी मिळाली. फज्रची नमाज पढून आम्ही मुलाबाळांसह मुंब्र्याहून निघालो. कशेडीच्या बोगद्यामुळे आता घाटातली वळणं टळतात. दुपारपर्यंत दापोली गाठली. आमचं गाव तिथून पुढे, दाभोळ.

मुलांना सांगितलं होतं, नातेवाइकांना भेटायला चाललोय. ते खरंच होतं. पण बॅगेत मिठाईच्या डब्यांखाली एक फाइलही होती. आजोबांच्या आंबा-कलमांना गिऱ्हाईक आलं होतं. सातबाऱ्यावर अब्बा आणि चाचा यांच्याबरोबर फुफीचंही नाव वारस म्हणून लागलेलं आहे. तिच्याकडून हक्कसोडपत्राला होकार घ्यायचा आणि सुट्टी संपल्यावर चाचांनी तिला दापोलीला नेऊन नोंदणी करायची, असं ठरलं होतं. अब्बांना आता प्रवास झेपत नाही, म्हणून हे काम आमच्याकडे आलं.

मसुदा आमच्या शाळेतल्या जुन्या दोस्ताने करून ठेवला होता. तो दापोलीत दस्त लिहितो. चहा झाला, मास्तरांच्या छडीच्या आठवणी निघाल्या. कागद हातात देताना तो सहज म्हणाला, "बहिणीला साडी द्यायची नि सही घ्यायची, हे आमच्याकडेही चालतं. २००५ च्या कायद्याने मुलीला मुलाइतका हक्क मिळाला, तरी माझ्याकडे सगळ्यात जास्त काम हक्कसोडीचंच येतं. पण तुमच्यात तर हे आधीपासूनच लिहून ठेवलंय ना?"

आम्ही हसून विषय बदलला. पण दाभोळपर्यंतच्या वाटेवर तो प्रश्न काही उतरला नाही.

फुफी खाडीपलीकडे धोपाव्याला दिलेली. रविवारी सकाळी फेरीबोटीत गाडी चढवली. मागे धक्क्याजवळच्या शाही मशिदीचा घुमट लहान होत गेला. लहानपणी याच खाडीतून होडीने फुफी माहेरी यायची आणि आम्ही धक्क्यावर तिची वाट बघत उभे असायचो.

तिने पहाटे उठून सांदणं वाफवली होती. गुडघे दुखतात, तरी वाढायला स्वतःच बसली. कोण कुठे शिकतंय, कुणाचं ठरलं, अब्बांची साखर किती, सगळं विचारून झालं. मग आपणच म्हणाली, "कागद आणलास ना? चाचाने फोनवर सांगितलंय. दे, कुठे सही करायची ते दाखव."

आम्ही विचारलं, "फुफी, तुला हे मनापासून सोडायचं आहे का?"

ती बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बेटा, मला आजवर हे कुणी विचारलं नाही. सही नाही दिली तर भाऊ म्हणतील, हिला माहेरपेक्षा जमीन प्यारी. मग ईदला मला हाक कोण मारेल?"

फाइल आम्ही उघडलीच नाही.

वाचकहो, हिशेब अवघड नाही. सूरह निसामध्ये मुलाला दोन मुलींइतका हिस्सा सांगितला आहे. आजोबा गेले, पाठोपाठ दादी गेली. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. म्हणजे पाच हिस्से: भावांचे दोन-दोन, बहिणीचा एक. आम्ही लहानपणी मदरशात हे शिकलो, परीक्षेत बरोबर लिहिलं. घरात मात्र कधी मांडून पाहिलं नाही.

संध्याकाळी चाचांना सांगितलं, तर ते चिडले. "तिच्या लग्नात कमी खर्च केला का आम्ही? आणि बागेची राखण कोणी केली?" राखणीची मेहनत खरी आहे, तिचा मोबदला जरूर ठरवावा. पण लग्नातला खर्च म्हणजे वारसा नव्हे. बहीण भीतीपोटी गप्प बसते, त्याला राजीखुशी म्हणता येत नाही. तिचा हिस्सा आधी तिच्या हातात पडावा. मग तिने तो ठेवावा, विकावा, नाहीतर भावाला बक्षीस द्यावा.

रात्री अब्बांना फोन केला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "इतकी वर्षं आंब्याची पेटी पाठवत राहिलो आणि वाटलं, बहिणीचं देणं फिटलं." सौदा तिच्या हिश्श्यासह व्हावा, याला ते तयार आहेत. चाचा अजून नाहीत. निघताना त्यांनी सलामाला जबाब दिला, पण दरवर्षीसारखे गाडीपर्यंत आले नाहीत. त्यांना पुन्हा भेटायला जावं लागेल आणि आम्ही जाणार आहोत.

आपण सुट्टीत गावी जातो, घरोघरी सलाम करतो, मिठाई देतो, फोटो काढतो आणि सिलारहमी झाली असं समजतो. आता रमजान जवळ आला आहे. घरोघरी जकातीचा हिशेब मांडला जाईल. त्याच वेळी जुना सातबाराही एकदा काढून बघावा. जकात आपल्या मालातून द्यायची असते. बहिणीचा हिस्सा तर आपला माल नव्हेच. तो नुसता आपल्याकडे राहून गेलेला असतो.