‘ध’चा ‘मा’

एका अक्षराच्या फरकाने पेशवाईत काय अनर्थ झाला म्हणतात, ते वाचकांना ठाऊक आहेच. समुद्रातही अशीच फसवी अक्षरे तरंगत असतात.

कोळणीच्या टोपलीतली तारली आणि मांदेली कोणतीही गृहिणी ओळखील. पण त्यांच्या गोतातल्या माशांची अंडी ओळखताना भल्याभल्यांची परीक्षा होते. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे, काचेसारखे ठिपके ते! तारलीचे अंडे वाटोळे. कवचाच्या आत ऐसपैस मोकळी जागा, बलकात तेलाचा एकच थेंब. मांदेलीच्या भाऊबंदांपैकी कित्येकांचे अंडे लांबट. पिले तर सगळीच दोऱ्यासारखी! मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या स्नायूंची पेरे मोजत बसायचे.

ही उठाठेव कशाला, म्हणाल. अंड्यांच्या संख्येवरून विणीची मासळी समुद्रात किती उरली आहे, याचा अदमास बांधतात. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली मिळाली; २०२१ साली ३,५०० टनसुद्धा नाही. जाळे रिकामे आल्यावर कळून काय उपयोग? अंडी नीट वाचली, तर वेळीच सावध होता येते. भलत्याच माशाची अंडी तारलीच्या खात्यावर मांडली, तर कागदावर समुद्र भरलेला दिसतो आणि कोळ्याची चूल मात्र थंड राहते.