पुरचुंडीवर नाव हवे

मृगाचा पाऊस आठवड्यावर आला की अनेक घरांत एक शोध सुरू होतो. गेल्या साली धरलेले दोडक्याचे बी कुठे ठेवले? फडताळ, मसाल्याचे डबे, शिवणयंत्राचा खण, सारे पालथे घातले जाते. अखेर एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात काहीतरी खुळखुळते. बी सापडते; पण ते दोडक्याचे की घोसाळ्याचे, गेल्या वर्षीचे की त्याच्याही आधीचे, हे छातीठोकपणे सांगणारे कोणी नसते.

आमच्या आईच्या माघारी माळ्यावरून पत्र्याचा एक डबा खाली आला. आत जुन्या लुगड्याच्या फडक्यांत बांधलेल्या सतरा पुरचुंड्या होत्या. कोणत्या गाठीत काय आहे, हे तिला फडक्याच्या रंगावरून कळत असे. तिला कधी लिहून ठेवावे लागले नाही आणि आम्हाला कधी विचारावेसे वाटले नाही. त्या जूनमध्ये आम्ही सतराही गाठी सोडून पेरल्या. चार उगवल्या. ज्या वालाच्या बिरड्यासाठी मावशी मुद्दाम मुक्कामाला यायची, त्याचे दाणे तेवढे आम्ही ओळखले होते. त्यांतला एकही रुजला नाही. आजारपणाची शेवटची काही वर्षे आईने परसात काही लावले नव्हते आणि तिच्याऐवजी आपण लावावे, हे आम्हाला सुचले नव्हते.

तिच्या पद्धतीत खोट नव्हती. आपल्याकडच्या जुन्या बायकांनी बी राखण्याचे शास्त्र शाळेत न जाताच पक्के केले होते. चाळलेली राख ओल शोषते आणि भुंग्यांना थारा देत नाही. कोकणात भाताचे बियाणे पेंढ्याच्या मुड्यात घट्ट आवळून ठेवत. दुधी वेलावरच वाळवून चुलीच्या वर टांगला, की धुरामुळे आतले बी कोरडे राही आणि कीडही फिरकत नसे. आज चूल गेली, राख दुर्मीळ झाली, माळ्यावर सिमेंटचा स्लॅब तापतो. म्हणून तेच काम वेगळ्या साधनांनी करावे लागते.

बियाचे शत्रू दोन : ओल आणि उष्णता. बीजशास्त्रात एक ठोकताळा आहे. काही मर्यादेपर्यंत, बियातील ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य दुप्पट होते. साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरवले तरी जवळपास तेवढाच फायदा होतो. म्हणजे बाटली कितीही चांगली असली, तरी आधी वाळवणे महत्त्वाचे. टोमॅटोचे बी गरासकट दोन दिवस आंबू द्यावे, मग धुऊन पसरावे. कडक उन्हात न ठेवता वाऱ्याच्या सावलीत वाळवावे. वालाचा दाणा दाताखाली दबला तर अजून ओला आहे. कटकन फुटला तर वाळला. भोपळ्याचे बी वाकवल्यावर मोडले पाहिजे. त्यानंतरच ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत जावे. ओले बी बंद बाटलीत घातले तर बुरशीच धरते. जागा असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर मात्र तिचा गारवा गेल्याशिवाय झाकण उघडू नये, नाहीतर आत दव धरते.

पुढचे काम एका चिठ्ठीचे. तिच्यावर चार गोष्टी हव्यात : नाव, कोणाकडून आले, कोणत्या महिन्यात धरले आणि काय वेगळे आहे. 'वाल' एवढे पुरेसे नाही. 'मावशीचा वाल, रुंद शेंग, बिरड्याला उत्तम' असे लिहावे. चिठ्ठी बाटलीवर चिकटवावी, तशीच एक आतही टाकावी, वरची सुटते. सालही विसरू नये, कारण प्रत्येक बियाचे आयुष्य निराळे. नीट राखले तरी कांद्याचे बी साधारण वर्षभरच भरवशाचे; मिरची, भेंडी दोनेक वर्षे; वाल, घेवडा तीन; टोमॅटो, वांगी, काकडी, भोपळा चारेक वर्षे. शंका आली तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. आठवडाभरात सात-आठांना मोड आले तर खुशाल पेरावे. तीन-चारच आले तर दाट पेरावे आणि यंदाच नवे बी धरावे.

एक सावधगिरी. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत फळ तसेच येईल याची खात्री नसते. भोपळा, काकडी यांच्यात मधमाश्या शेजारच्या वेलाचे पराग आणून सरमिसळ करतात. नवख्याने वाल, घेवडा, चवळी, टोमॅटो यांपासून सुरुवात करावी. ती आपला वाण बहुधा टिकवतात.

हा केवळ परसबागेचा छंद आहे का? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी गावरान वाणांची बँक उभी केली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. त्यांनी बी नुसते जपले नाही, ते बायाबायांत वाटले. 2001 च्या कायद्यानेही शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा हक्क मान्य केला आहे. पण जो वाण कोणी पेरतच नाही, त्याला हक्काचा काय उपयोग?

आमच्या वालाचे दाणे आईने शेजारीपाजारी वाटले असतीलच. कोणाच्या दारी तो आजही चढत असेल, पण कोणाकडे मागावे, हे लिहिलेले नाही. म्हणून हा रविवार आपल्या डब्यासाठी द्यावा. घरात जी आजी, आत्या किंवा काकू बी राखते, तिच्याजवळ वही घेऊन बसावे आणि एकेक गाठ सोडून तिच्याच तोंडून नावे लिहून घ्यावीत. मग प्रत्येकातले मूठभर दुसऱ्या घरी द्यावे, आणि कोणाला दिले तेही त्याच वहीत टिपावे.