दुकान वाढवितांना

आपल्या मराठी भाषेला अशुभ शब्द तोंडावाटे काढण्याचा मोठा संकोच. बांगडी फुटली असें ती म्हणत नाहीं, वाढली म्हणते. नारळ फोडला असें न म्हणतां वाढविला म्हणते. आणि संध्याकाळीं फळ्या लावून घरीं निघालेला जुना दुकानदार 'दुकान बंद केलें' असें न म्हणतां 'दुकान वाढविलें' असें म्हणे. रोजच्या संध्याकाळीं हा शब्द सोपा असतो, कारण दुसऱ्या दिवशीं सकाळीं फळ्या पुन्हा निघावयाच्या असतात. परंतु ज्या संध्याकाळनंतर त्या फळ्या पुन्हा निघणार नाहींत, त्या संध्याकाळीं हा शब्द कोणत्या तोंडानें उच्चारावा, हा प्रश्न अनेक घरांपुढें कधीं ना कधीं येतो. या महिन्यांत आम्ही तोच प्रश्न वाचकांपुढें ठेवीत आहों.

मोठ्या भांडवलाची कंपनी मोडली तर तिचे हिशेब न्यायकचेरींत होतात; तिच्याविषयीं आम्हांस कांहीं सांगावयाचें नाहीं. आमच्या मनांत आहेत ते एकेका कुटुंबानें चालविलेले लहान उद्योग: छापखाना, मासिक, पुस्तकांचें दुकान, फिरतें वाचनालय, गायनाचा वर्ग, खानावळ. अशा उद्योगाच्या भोंवतीं हळूहळू माणसांचा एक गोतावळा जमतो. गिऱ्हाईक म्हणून आलेला मनुष्य चार वर्षांनीं घरचा होतो. त्याची दुसऱ्या गिऱ्हाइकाशीं ओळख होते, ओळखीचा स्नेह होतो, स्नेहांतून वादहि होतात. पुढें पुढें तर विकत घ्यावयाचें कांहीं नसलें तरी माणसें येतात. उद्योगाचें नांव एका घराचें, परंतु तेथील बैठक सर्वांची, अशी स्थिति होते. आणि म्हणूनच असा उद्योग बंद करण्याची वेळ आली म्हणजे घरचीं माणसें अवघडतात. 'आमचें होतें, आम्हीं बंद केलें' असें म्हणण्याचा त्यांना अधिकार असतो, पण तें म्हणतांना जीभ अडखळते.

महाराष्ट्रांतील अशा बैठकींत 'सत्यकथा' मासिकाची बैठक फार मोठी. १९३३ सालीं निघालेलें हें मासिक १९८२ च्या ऑगस्टांत बंद झालें. गिरगांवांतील खटाववाडींत मौजेचा छापखाना. छपाईची बाजू वि. पु. भागवत यांच्याकडे, आणि संपादनाची त्यांचे बंधु श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांच्याकडे. मराठी नवकथा आणि नवकविता यांचा इतिहास लिहावयाचा तर या वाडीच्या जिन्यावरूनच जावें लागतें. मर्ढेकर, गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर, जी. ए. कुलकर्णी, इंदिरा संत हीं नांवें वाचकांना सांगावयास नकोत. कुडाळास खानावळ चालविणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांची कविता १९५४ सालीं 'आरती प्रभु' या नांवानें याच मासिकांतून रसिकांपुढें आली. मुंबईपासून इतक्या दूर, भाताच्या हंड्यांजवळ बसून कविता लिहिणाऱ्या तरुणाला खटाववाडी आपली वाटली, यांत त्या मासिकाचें मोठेपण आलें.

हें मोठेपण कशावर उभें होतें? आमच्या मतें तें पत्रांवर उभें होतें. 'साभार परत' हे दोन शब्द लिहून कथा परत धाडणें कोणत्याहि संपादकाला सोपें असतें. खटाववाडीची रीत निराळी होती. कथा वाचून तिच्यांत कोठें काय उणें आहे, कोणता प्रसंग पुन्हा लिहून पाहावा, कोणतें पात्र अर्धवट राहिलें आहे, हें लेखकाला सविस्तर कळविलें जाई. एकेका कथेचें पुनर्लेखन होई, कधीं दोनदां, कधीं अधिक वेळां. या श्रमांची किंमत वर्गणींत धरलेली नव्हती, आणि कोणत्याहि हिशेबाच्या वहींत ती मांडतां आली नसती. पण याच श्रमांनीं दूरदूरच्या गांवांतील लिहिणाऱ्या माणसांना एकमेकांशीं बांधलें.

अशा बैठकीवर लोक प्रेम करतात तसा रागहि करतात. १९६९ सालीं अनियतकालिकांच्या चळवळींतील तरुण लेखकांनीं 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. तेथें एकाच प्रकारच्या वाङ्मयाला मान मिळतो, आमच्या जगण्याला तेथें जागा नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या आक्षेपांत किती तथ्य होतें याचा निवाडा आम्ही येथें करीत नाहीं. आम्हांस दिसतें तें इतकेंच कीं, ज्या दाराशीं आपलें कांहीं नातें नाहीं त्या दारासमोर कोणी होळी पेटवावयास जात नाहीं. हें दार आपल्यालाहि उघडें असावयास हवें होतें, असें ज्याला वाटतें तोच तेथवर चालत जातो. बैठक सर्वांची झाली म्हणजे ती चालविणाऱ्या घराला सर्वांचे रागहि सोसावे लागतात.

मग असें मासिक बंद झालें तेव्हां पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली असल्यास नवल नाहीं. पण त्या हळहळीबरोबर एक तक्रारहि नेहमीं येते, आणि तिच्याविषयीं आम्हांस स्पष्ट बोलावयाचें आहे. 'दर्जा थोडा सैल केला असता, जाहिराती वाढविल्या असत्या, कोणा धनवंताला भागीदार घेतलें असतें, तर चाललें असतें,' असें लोक म्हणतात. चाललें असतें हें खरेंच. पण काय चाललें असतें? नांव चाललें असतें. ज्यासाठीं लोक येत होते तें आधींच निघून गेलें असतें. आपल्या घरांत एखादें वृद्ध माणूस शांतपणें गेलें तर आपण त्याला भाग्यवान म्हणतों. उद्योगाच्या बाबतींत मात्र तो कसाबसा खुरडत राहावा असा आपला हट्ट असतो. हा हट्ट प्रेमाचा असेल, पण तो दुसऱ्याच्या खांद्यावर ओझें ठेवून केलेला असतो.

त्या खांद्यांचा विचार बाहेरच्या माणसांकडून क्वचितच होतो. मासिक म्हटलें कीं कागद, छपाई आणि टपालहंशील यांचा खर्च दर महिन्याला ठरलेला. वर्गणी मात्र कधीं येते, कधीं थकते. दुकान म्हटलें कीं भाडें आणि नोकरांचे पगार. हें तरी वहींत लिहिलें जातें. जें लिहिलें जात नाहीं तें घरांतल्या स्त्रियांच्या वांट्याला येतें. बाहेरच्या खोलींत वाङ्मयाची चर्चा रंगली असतां आंत तिसऱ्यांदा चहाचें आधण ठेवणारी सून, पाहुणा जेवून जाणार कीं नाहीं हें न विचारतां पोळीची कणीक वाढवून मळणारी सासू, सणावाराला अंक बांधावयास बसणाऱ्या मुली: यांचे श्रम धरले तर पुष्कळ 'तोट्यांत नसलेले' उद्योग तोट्यांत निघतील. म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, उद्योग वाढवावयाचा कीं नाहीं, हा निर्णय कर्त्या पुरुषांनीं ओटीवर बसून घेऊं नये. स्वयंपाकघराचें मत त्यांत आधीं विचारावें. पुढच्या पिढीचा मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या कामांत रमली असेल, तर तिला 'घराण्याचें नांव' या शब्दांनीं बांधूं नये. वडिलांनीं जें आवडीनें केलें तें मुलांनीं धाकानें करावें यांत वडिलांचाहि मान राहत नाहीं.

दुसरें उदाहरण पुस्तकांच्या दुकानाचें घेऊं. टी. एन. शानभाग यांनीं १९४८ सालीं कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमागृहांत पुस्तकांचा एक लहानसा स्टॉल मांडला. पुढें तो कोटांत आला, आणि 'स्ट्रँड बुक स्टॉल' हें नांव मुंबईबाहेरहि गेलें. प्रत्येक पुस्तकावर सवलत, आणि विकत घेतलें नाहीं तरी उभ्यानें वाचूं देण्याची मोकळीक, या दोन गोष्टींनीं तेथें विद्यार्थी, प्राध्यापक, वकील, कारकून असे सर्व थरांचे लोक जमले. सुंदराबाई सभागृहांतील त्यांचें वार्षिक पुस्तकप्रदर्शन म्हणजे अनेक कुटुंबांची जत्रा असे. तेथून पिशव्या भरून पुस्तकें नेलेलीं घरें आजहि मुंबई-पुण्यांत आहेत. २००३ सालीं शानभागांना पद्मश्री मिळाली. २००९ सालीं ते वारले. त्यांच्या मागें कुटुंबियांनीं दुकान चालविलें, आणि २०१८ च्या फेब्रुवारीअखेर तें बंद केलें. बंद होणार ही वार्ता आधीं सर्वांना कळली होती. शेवटच्या दिवसांत तेथें गर्दी लोटली.

त्या गर्दीचा आम्ही पुष्कळदां विचार करतों. तिच्यांत खरें प्रेम होतें यांत संशय नाहीं. पण तशीच गर्दी आधींच्या चार-पांच वर्षांत, एखाद्या साध्या मंगळवारीं दुपारीं, थोडी थोडी होत राहिली असती तर? दुकान वाचलेंच असतें असें आम्ही म्हणत नाहीं. कोटांतील जागा, बदललेल्या संवयी, घरबसल्या पुस्तक मागविण्याची सोय, हीं कारणें एकट्या गिऱ्हाइकाच्या आंवाक्याबाहेरचीं आहेत. तथापि निरोप देण्यास येणाऱ्यांत आणि भेटावयास येणाऱ्यांत अंतर असतें, आणि तें अंतर दुकानदाराला आपल्यापेक्षां अधिक लवकर दिसतें.

आतां जें घर आपला उद्योग वाढविण्याच्या विचारांत असेल त्याच्यासाठीं चार गोष्टी सुचवितों.

पहिली: निर्णय झाल्यावर तो लपवूं नये. एके दिवशीं दार लावलेलें दिसलें आणि शेजारच्या पानवाल्याकडून कारण कळलें, हा जुन्या स्नेह्यांचा अपमान आहे. दोन-तीन महिने आधीं सांगितलें म्हणजे ज्यांना भेटावयाचें ते भेटतात, ज्यांचीं देणीं राहिलीं ते देतात, आणि ज्यांच्या मनांत कांहीं सल आहे त्यांना तो बोलून टाकण्यास वेळ मिळतो.

दुसरी: दुसऱ्यांचें जें असेल तें परत करावें. उरलेल्या महिन्यांची वर्गणी, अनामत रक्कम, वाचावयास आलेलीं हस्तलिखितें, कोणाचें दुरुस्तीस ठेवलेलें वाद्य, कोणाची राहून गेलेली छत्री. रक्कम लहान म्हणून ती सोडून देण्याचा अधिकार घेणाऱ्याचा आहे, देणाऱ्याचा नव्हे.

तिसरी: कागद रद्दींत घालूं नयेत. मासिकाच्या सर्व अंकांचा एक संच, महत्त्वाचीं पत्रें, जुन्या वह्या, छायाचित्रें हीं योग्य ठिकाणीं सोंपवावीं. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचें. असल्या संस्था आपल्याच पूर्वजांनीं याच कामासाठीं उभारल्या. देण्यापूर्वीं मात्र खाजगी पत्रें निवडून, लिहिणाऱ्याची अगर त्याच्या वारसांची संमति घ्यावी. लोकांनीं आपल्याला विश्वासानें लिहिलेलें असतें. दुकान मिटलें म्हणून तो विश्वास मिटत नाहीं.

चौथी: नांव कोणाला विकूं नये, निदान त्या नांवाची रीत सांभाळील अशी खात्री असल्यावांचून तरी विकूं नये. पाटी तीच आणि माल भलताच, यापेक्षां कोरी भिंत बरी.

आणि जे त्या बैठकींत बसले त्यांचें काय कर्तव्य? त्यांनीं आधीं कृतज्ञतेचें एक पत्र लिहावें. सभेंतील भाषण नव्हे, पत्र. त्यांत कोणत्या वर्षीं आपण तेथें पहिल्यानें गेलों, काय घेऊन परत आलों, कोणाची गांठ पडली, हें लिहावें. असें पत्र त्या घरांत पुढें तीन पिढ्या जपलें जातें. नंतर, पुढच्या पिढीला दोष देण्याचें टाळावें. आणि शेवटीं, बैठक खरोखरच आपली वाटत असेल तर ती आपल्या ओटीवर न्यावी. महिन्यांतून एक रविवार, दहा माणसें, एक पुस्तक. इतक्यानें आरंभ होतो. पंचवीस वर्षें एका घरानें चहा पाजला. आतां पाळी आपली आहे, हें ओळखणें म्हणजेच त्या चहाला जागणें. मात्र त्या रविवारीं आधण कोणीं ठेवावयाचें, हेंहि आधींच ठरवावें, आणि तें नेहमींच्याच हातांवर सोडूं नये.

'सत्यकथा' बंद झाली, पण मौज प्रकाशन गृहाचीं पुस्तकें त्यानंतरहि निघत राहिलीं आणि मौजेचा दिवाळी अंकहि येत राहिला. मासिकाच्या फळ्या लागल्या तरी त्या घरानें आपलें ब्रीद मिटविलें नाहीं. तेथें तालीम घेतलेले लेखक पुढें आपापल्या वाटेनें लिहीत राहिले, आणि आपल्यापुढें आलेल्या नव्या लेखकाचें लिखाण त्यांच्यांतील कित्येकांनीं तितक्याच बारकाईनें वाचलें असेल. जुन्या दुकानदाराच्या तोंडचा तो शब्द अशा वेळीं निव्वळ संकोचाचा राहत नाहीं. एका जागीं सांठलेलें चार जागीं गेलें, म्हणून तें वाढलें, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा एखादा लहान उद्योग आज शेवटच्या पायरीवर उभा असेल, तर त्यांनीं संकोच न धरतां तो वाढवावा. आणि कोणाच्या ओळखींत असें घर असेल तर त्यांनीं या महिन्यांतच, कांहीं विकत घ्यावयाचें नसलें तरी, एकदां तेथें जाऊन यावें.