परीक्षण की साभार पोच?

मराठी नियतकालिकांत ‘साभार पोच’ नावाचे एक सदर असते. पुस्तक, लेखक, प्रकाशक, पाने, किंमत, एवढेच. त्यात मत नसते आणि मत असल्याचा दावाही नसतो. कादंबऱ्यांवरील पुष्कळशा परीक्षणांपेक्षा हे सदर अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल. कथानकाचा गोषवारा, मुखपृष्ठाची स्तुती, मुद्रणदोषांबद्दल हळुवार तक्रार आणि शेवटी ‘संग्राह्य’ हे विशेषण, याखेरीज त्या परीक्षणांत काय असते? परीक्षक कोठे थबकला, कोठे कंटाळला, कोठे त्याला लेखकाचा राग आला, हे वाचकाला कळतच नाही.

समीक्षेत वैयक्तिक काही येऊ नये, असे याचे समर्थन केले जाते. पण ‘वैयक्तिक’ या शब्दात दोन गोष्टींची गल्लत होते. स्वतःच्या वाचनाची जबाबदारी स्वतः घेणे ही एक आणि लेखकाच्या चारित्र्यावर घसरणे ही दुसरी. छापील परीक्षणांतून पहिली हद्दपार झाली; दुसरी मात्र खासगी बैठकींत सुखेनैव नांदते.

भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ १९६५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा आचार्य अत्रे यांनी ‘मराठा’तून तिच्यावर प्रखर हल्ला चढविला, दुर्गा भागवत पाध्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. अत्र्यांचा निवाडा काळाने स्वीकारला नाही. तथापि तो उघडपणे दिलेला असल्यामुळेच त्याला उघड उत्तर देता आले. गुळमुळीत स्तुतीला उत्तर तरी काय द्यायचे?

या भिडस्तपणाची किंमत दोघे मोजतात. तालुक्याच्या गावी पोटाला चिमटा घेऊन कादंबरी विकत घेणारा वाचक हा पहिला. दुसरा, श्रमिकांच्या घरातून आलेला नवा लेखक. ‘दाहक अनुभव’ असे म्हणून त्याची पाठ थोपटली जाते. त्याची रचना कोठे फसली, भाषा कोठे उसनी झाली, हे त्याला कोणी सांगत नाही. ही सहानुभूती नव्हे. ज्याच्याशी वाद घालण्याची गरज वाटत नाही, त्याला बरोबरीचा मानलेले नसते.

पुस्तक परीक्षकाच्या हलाखीवर जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली लेख लिहिला. बहुसंख्य पुस्तके सोडून द्यावीत आणि महत्त्वाच्या थोड्यांवर निदान हजार शब्द लिहावेत, असे त्यांनी त्यात सुचविले होते. मराठी संपादकांना हे अशक्य नाही. पुस्तके कमी घ्यावीत, लेखकाच्या स्नेह्याकडे परीक्षण सोपवू नये, परीक्षकाला त्याच्या श्रमाचे मोल द्यावे आणि लेखकाचे उत्तर आले तर तेही छापावे. बाकीच्या पुस्तकांसाठी साभार पोच आहेच. तिने निदान कोणाची फसवणूक तरी होत नाही.